शोधलेली बेटं परत सापडेनात!

प्रश्न : मुलाच्या प्रोजेक्टसाठी सॉलोमन बेटांबद्दल वाचत होते. मेंदान्या नावाच्या स्पॅनिश माणसाने 1568 मध्ये ती शोधली आणि 27 वर्षांनी परत गेला तर त्याला सापडलीच नाहीत म्हणे. स्वतः जाऊन आलेल्या ठिकाणी माणूस परत कसा पोचत नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. आल्व्हारो दे मेंदान्या नोव्हेंबर 1567 मध्ये पेरूच्या काय्याओ बंदरातून दोन जहाजं आणि साधारण दीडशे माणसं घेऊन निघाला, आणि 80 एक दिवसांनी सांता इसाबेल बेटाला लागला. तिथे त्यांनी एक छोटं जहाज बांधलं आणि त्यातून आजूबाजूची बेटं पालथी घातली, ग्वादलकनाल हे नाव तेव्हाचंच, एका अधिकाऱ्याच्या स्पेनमधल्या गावाचं. सोनं काही मिळालं नाही, तरी लोकांनी नाव लावलं बायबलमधल्या सॉलोमन राजाचं, कारण त्याचं सोनं ज्या ओफिरहून यायचं ते हेच असणार अशी आशा. (ते ओफिर म्हणजे आपलं नालासोपारा, असाही तर्क काही अभ्यासकांनी केलाय!)

आता तुमचा मुद्दा. बेटं विषुववृत्तापासून किती खाली हे त्यांना बऱ्यापैकी माहीत होतं, दुपारी अ‍ॅस्ट्रोलेब म्हणजे पितळी चकती हातात धरून सूर्याची उंची मोजली की अक्षांश मिळतो. पण पेरूपासून पश्चिमेला किती लांब, हे कळायला बंदरातली वेळ अचूक सांगणारं घड्याळ जहाजावर लागतं आणि ते आलं अठराव्या शतकात. तोवर वेगाचा अंदाज नजरेने. त्यात समुद्राचा प्रवाहच जहाजाला पश्चिमेकडे ढकलत होता, तो यांच्या हिशोबात आलाच नाही, त्यामुळे बेटं होती त्यापेक्षा हजारो किलोमीटर जवळ मांडली गेली.

म्हणून 1595 मध्ये चार जहाजं आणि बायकापोरांसकट पावणेचारशेच्या वर माणसं घेऊन तो निघाला तेव्हा निम्म्या वाटेवर मार्केसास बेटं दिसली आणि त्याला वाटलं, पोचलो! तिथे दोन आठवड्यांत सुमारे 200 स्थानिक लोक मारले गेले असं त्याच्याच पायलटने, किरोसने, लिहून ठेवलंय. हे वाचून मला फार वाईट वाटतं, नुसता 'शोध' म्हणून ते सोडून देऊ नये, मुलालाही जरूर सांगा.

पुढे ते पॅसिफिकमधल्याच सांताक्रूझ बेटांवर थांबले, सॉलोमनची मुख्य बेटं तिथून अजून शेकडो किलोमीटर पश्चिमेला होती. तिथेच मेंदान्या तापाने गेला आणि त्याची बायको इसाबेल बारेतो प्रमुख झाली. मनिलापर्यंतच्या वाटेवर माणशी पेलाभर पाणी मिळायचं, त्यातही झुरळांचा चुरा, आणि बाई मात्र गोड्या पाण्यात कपडे धुवून घेत होत्या, किरोसने विनवलं तर म्हणाल्या माझं आहे, मी हवं तसं वापरीन. माणसं रोज मरत होती हो! फेब्रुवारी 1596 मध्ये मनिला आलं.

सांताक्रूझ दिसायच्या रात्रीच चारपैकी एक जहाज धुक्यात हरवलं होतं, त्यावर 180 च्या आसपास माणसं होती. 1970 च्या दशकात मकिरा बेटावर, पामुआ इथे उत्खननात स्पॅनिश मडक्यांचे तुकडे निघाले आणि ते त्याच जहाजावरच्या लोकांचे असावेत असं पुरातत्त्ववाल्यांचं म्हणणं आहे. मकिरा म्हणजे मेंदान्याने 1568 मध्ये पाहिलेलं सान क्रिस्तोबाल.