आईवरचा माहितीपट : निधी मोडावा का?

प्रश्न : आई ८१ वर्षांची आहे. तब्येत ठीक, स्मरणशक्ती उत्तम, फक्त ऐकायला कमी येतं. तिच्या आयुष्यावर एका व्यावसायिक संस्थेकडून तासाभराचा माहितीपट करून घ्यायचं मनात आहे. त्यांचं कोटेशन आमच्या पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढं आहे. आपत्कालीन निधी सहा महिन्यांचा आहे. तो मोडू की पर्सनल लोन काढू? भाऊ म्हणतो, मोबाइलवर करू. वडील गेले तेव्हा त्यांचा आवाजसुद्धा आमच्याकडे उरला नाही, म्हणून मला घाई आहे.

उत्तर : घाई करा, पण निधी मोडू नका आणि लोन तर मुळीच नको.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये संशोधन, तीन दिवसांचं शूटिंग, ड्रोन, कलाकार घेऊन जुने प्रसंग पुन्हा उभे करणं, खास संगीत, एडिटिंग आणि ‘आजीवन ऑनलाइन साठवण’ अशा ओळी आहेत. यातली शूटिंगची ओळ सोडली तर बाकीचं सगळं दोन वर्षांनीही करता येईल, पाच वर्षांनीही. आईचं बोलणं मात्र आत्ताच टिपायला हवं. संस्थेने या दोन गोष्टी एका गाठोड्यात बांधून दिल्या आहेत, त्यामुळे शूटिंगची निकड एडिटिंगच्या बिलालाही चिकटली आहे. गाठोडं सोडवा. खरा खर्च बहुधा एडिटिंगचाच असतो. दहा तासांचं फुटेज नुसतं एकदा बघायलाच दहा तास लागतात. निवड, जुळवणी, दुरुस्त्या त्यापुढे.

सहातले पाच महिने गेले की हाती एक महिना उरतो. ज्या घरात ८१ वर्षांचं माणूस आहे तिथे अचानक मोठा वैद्यकीय खर्च येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. आईची फिल्म करण्यासाठी आईच्याच उपचाराचे पैसे वापरायचे, असा हा हिशेब होतो. लोनचं तर ऋण काढून सण. या खर्चातून परत विकता येईल असं काही उभं राहत नाही, हप्ता मात्र लगेच सुरू होतो.

म्हणून भावाचं सगळं खरं, असंही नाही. ‘मोबाइलवर करू’ यात तारीख नसते. फुकटात होणारी कामं पुढे ढकलली जातात, हे मी बचतीच्या बाबतीत रोज बघतो. पैसे मोजले की तारीख ठरते, आणि इथे थोडे पैसे घालायचे ते त्यासाठीच. एक कॅमेरामन आणि आवाज टिपणारा एक माणूस, एवढेच दोन दिवसांसाठी ठरवा. हा खर्च मूळ आकड्याच्या एखाद्या लहान हिश्श्यात बसायला हवा. तो दोघा भावंडांनी निम्मा-निम्मा वाटून महिन्याच्या बचतीतून काढा. बसत नसेल तर एकच दिवस ठरवा.

ड्रोनचे पैसे आवाजावर घाला. चित्र थोडं अंधूक असलं तरी नातवंडं बघतील, पण बोलणं कळलं नाही तर दोन मिनिटांत बंद करतील. चांगला कॉलर माइक, पंखा बंद, फ्रिजच्या घरघरीपासून लांबची खोली. आईला कमी ऐकू येतं, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याने तिला ओठ दिसतील असं समोर, जवळ बसावं. सलग तीन तास बसवू नका. अमेरिकेतल्या स्टोरीकॉर्प्स या संस्थेने २००३पासून सामान्य माणसांच्या असंख्य मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तिथे एक बैठक साधारण ४० मिनिटांची असते. तेच माप घ्या. उतारवयात माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त ठळकपणे आठवतात, असं मानसशास्त्रज्ञांना वारंवार दिसलं आहे. लग्न आणि मुलंबाळं हे तुम्हाला माहीतच आहे. पहिली नोकरी, मैत्रिणी, न झालेलं शिक्षण याबद्दल विचारा. अल्बम तिच्या हातात द्या आणि गप्प बसा. मधल्या दिवसांत मोबाइलवर नुसता आवाज टिपत राहा, त्याला खर्च नाही.

‘आजीवन साठवण’ या ओळीत आयुष्य कोणाचं, हे लेखी विचारा. आईचं, तुमचं की त्या संस्थेचं? संस्था बंद पडली की तिचा सर्व्हरही जातो. घरोघरी व्हीएचएस कॅसेटी होत्या. त्या लावायचे नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी २०१६मध्ये थांबली आणि अनेकांची लग्नं कपाटात अडकली. तेव्हा मूळ फुटेज आपल्याच ताब्यात हवं. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने टिपलेलं फोर-के (4K, म्हणजे खूप स्पष्ट) चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी होतं, म्हणजे दहा तासांचं ४५० जीबी. एका साध्या हार्ड डिस्कमध्ये ते मावतं. तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी, समजा भावाकडे. डिस्क कधीतरी बिघडणारच, म्हणून दर काही वर्षांनी नवी घेण्याचा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

जाता जाता एक. आई बोलण्याच्या ओघात ‘घर अमक्याला’ म्हणाली तर त्याला मृत्युपत्र समजू नका. बहुतेक ठिकाणी कायद्याला लेखी, साक्षीदारांच्या सह्या असलेला कागद लागतो, आणि कॅमेऱ्यासमोरचं अर्धवट वाक्य उलट भांडण लावून देतं. मृत्युपत्र झालं नसेल तर माहितीपटाच्या आधी ते करा. त्याचा खर्च याहून कितीतरी कमी आहे.

एडिटिंगसाठी वेगळं खातं उघडा आणि दरमहा थोडी रक्कम टाका. पुरेशी जमली की याच संस्थेकडे जा किंवा दुसरीकडे. फुटेज तुमच्याजवळ असल्यामुळे तेव्हा घासाघीस करता येईल. शूटिंगच्या करारात तीन गोष्टी बघा : संपूर्ण मूळ फुटेज ठरलेल्या तारखेपर्यंत तुम्हाला मिळणार, त्यावर हक्क तुमचा, आणि ते हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही. दुसऱ्या अटीवर ते कुरकुरले तर दुसरा कॅमेरामन शोधा. आणि सही करण्याआधी मसुदा भावालाही वाचायला द्या, निम्मे पैसे त्याचे आहेत.