रंगकामाचं एस्टिमेट कसं लिहून द्यावं, म्हणजे शेवटच्या हप्त्याला वाद होणार नाही?

तुम्ही परभणीजवळ जुन्या घरांची कामं घेता, आकडा तोंडी सांगता आणि हिशेबाच्या वेळी भांडण होतं, असं विचारलंय. या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा मोजमापात आणि भिंतीच्या तयारीत असतं.

रंगवायचं क्षेत्र काढायला कार्पेट एरियाला (खोलीच्या आतल्या फरशीच्या क्षेत्रफळाला) साडेतीननं गुणायची सवय आधी सोडा. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली घ्या. गुणाकारानं 420 चौरस फूट येतात. टेप लावली तर चार भिंती 440 आणि छत 120, म्हणजे 560. एक दरवाजा (3 बाय 7) आणि एक खिडकी (4 बाय 4) वजा केली तरी 523 उरतात. एका खोलीत शंभर फुटांचा फटका! वजावट धरली की नाही, हे कागदावर लिहा. धरली असेल तर दार-खिडक्यांचा ऑइल पेंट वेगळा मोजा.

मग भिंत तपासा, घरमालक सोबत असतानाच. तळहात फिरवून बघा. पांढरी भुकटी लागली तर खाली जुना चुना किंवा भुसभुशीत झालेला डिस्टेंपर आहे. त्यावर थेट पुट्टी मारली की ती त्या भुकटीला धरते, भिंतीला धरत नाही, आणि पुढं पापुद्रे निघतात. तो थर पत्तीनं प्लॅस्टरपर्यंत खरवडावाच लागतो, आणि त्याची मजुरी वेगळी लावा. ती पुट्टीच्या रेटमध्ये घुसडली की मालकाला रेट महाग वाटतो, किंवा तुम्हीच खरवडणं टाळता. बोटाच्या पेरानं ठोकून पोकळ आवाज आला तर तिथलं प्लॅस्टर सुटलंय. ते गवंड्याचं काम, तसं स्पष्ट लिहा.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग नीट बघा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यानं पाया हलतो. भेग भरून देता येते, पण ती पुन्हा उघडणार नाही याची हमी कधीच देऊ नका. ओलीचंही तसंच. गळती बंद झाल्याशिवाय कितीही भारी रंग टिकत नाही.

मटेरियलचा अंदाज त्याच 523 फुटांवर काढू. सपाट प्लॅस्टरवर दोन हात (थर) पुट्टी किलोला 10 ते 12 चौरस फूट जाते, म्हणजे साधारण 44 ते 52 किलो. 40 किलोची एक गोणी पुरणार नाही. खडबडीत भिंत याहून जास्त खाते. प्रायमर एक हात, लिटरला 100 फूट धरून सव्वापाच लिटर. इमल्शन (भिंतीचा शेवटचा रंग) दोन हात, लिटरला 50 ते 60 फूट धरून 9 ते साडेदहा लिटर. गडद रंगावर फिका मारायचा असेल तर तिसरा हात लागतो, तो आधीच धरा. बोअरचं पाणी खारं असेल तर पुट्टी त्यात कालवू नका, भिंतीवर क्षार फुटतात. गोड्या पाण्याची सोय कोण करणार, तेही लिहा.

कोटेशनची ओळ अशी असावी: ‘बेडरूम, भिंती व छत, 523 चौ. फूट, खरवडणे, पुट्टी 2 हात, प्रायमर 1 हात, इमल्शन 2 हात’. पुढं कंपनी, रंगाचं पूर्ण नाव आणि शेड नंबर. नुसतं ‘चांगला रंग’ लिहिलं की मालक भारीतला धरतो, तुम्ही स्वस्तातला. मटेरियल आणि मजुरीचे आकडे वेगळे द्या, 18 टक्के जीएसटी धरलाय की नाही ते सांगा. बाहेरच्या भिंतींची परांची, सामान हलवणं, फरशीवरचे डाग पुसणं, उरलेला रंग कोणाचा, हेही त्याच कागदावर. कंपनी पेंटरसाठी रंगाच्या डब्यात टाकते त्या बक्षिसाच्या टोकनचंसुद्धा आधीच बोलून घ्या. मालकाला ते नंतर दुसऱ्याकडून कळलं की तुमच्या बाकीच्या हिशेबावरही शंका येते.

पैशांचे टप्पे कामाला बांधा: मटेरियल उतरताना, पुट्टी-प्रायमर झाल्यावर, आणि शेवटचा हात पडल्यावर. दसरा-दिवाळीच्या कामात ‘सोयाबीन विकलं की देतो’ असं ऐकू येतं. मालकाचीही अडचण खरी असते, म्हणून मटेरियलचे पैसे आधी घ्या आणि बाकीची तारीख लिहून दोघांच्या सह्या करा. मध्येच ‘ही एक भिंत पण मारून टाका’ असं आलं, तर ब्रश लावण्याआधी तिचं माप आणि रेट त्याच कागदाखाली वाढवा.