लॅक्टेट : पायांतून मेंदूपर्यंत

प्रश्न : जोरात धावल्यावर लॅक्टिक आम्ल साठतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात, असं ऐकत आलो. आता तेच मेंदूला चांगलं म्हणतात. खरं काय?

उत्तर : पाय दुखण्याचा दोष लॅक्टेटवर (लॅक्टिक आम्ल शरीरात याच रूपात असतं) नको. ते तास-दीड तासात रक्तातून ओसरतं. नंतरचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं. विश्रांतीत रक्तात लिटरमागे साधारण १ मिलिमोल लॅक्टेट असतं, दमछाक होईपर्यंत धावलं की १०च्या वर जातं. त्यातलं काही वाहक प्रथिनांमार्फत मेंदूत शिरतं आणि इंधन म्हणून वापरलं जातं. शिवाय ते निरोप्याचंही काम करतं : उंदरांच्या मेंदूत त्यामुळे केशवाहिन्या दाट झाल्या, स्मरणाशी निगडित बीडीएनएफ हे प्रथिन वाढलं. पण उंदीर तो उंदीर. माणसांत पुरावा इतका थेट नाही.

करून पाहायचंच, तर (हृदयविकार किंवा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारून) १० मिनिटं चालून अंग तापवा. मग ४ मिनिटं चढावर अशा वेगानं, की दोन-तीन शब्दांपुढे बोलवू नये. ३ मिनिटं सावकाश. अशा ४ फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. शेवटी लगेच बसकण मारू नका, रक्त पायांत साचून भोवळ येते. हळूहळू चालत राहिलात तर लॅक्टेटही लवकर उतरतं.