साडेसात तास झोपूनही दिवसा पेंग येते

प्रश्न : माझे वय 46 आहे. रात्री अकराला अंग टाकतो आणि साडेसहाला उठतो, तरी बैठकीत बसल्या बसल्या डोळा लागतो. मागच्या महिन्यात सिग्नलला गाडी थांबवली आणि तेवढ्यात डुलकी लागली. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा जाग आली. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनचे अहवाल ठीक आहेत. मी फार घोरतो, अशी पत्नीची तक्रार आहे. घरचे याला आळस म्हणतात. काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी गाडीचे बोलू. निदान होऊन उपचार लागू पडेपर्यंत आपण स्टिअरिंगवर बसू नये. काच खाली केल्याने किंवा गाणी मोठ्याने लावल्याने आलेली झोप परतत नाही.

घरच्यांचे म्हणणे मला पटत नाही. थकवा आणि झोप यांतही फरक करायला हवा. थकलेल्या माणसाला पडून राहावेसे वाटते, पण पाठ टेकली तरी त्याचा डोळा लागेलच असे नाही. आपला डोळा मात्र बसल्या जागी लागतो. हे मोजण्यासाठी डॉक्टर 1991 पासून वापरात असलेली एपवर्थ प्रश्नावली देतात. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडी रहदारीत थांबलेली असताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला 0 ते 3 गुण द्यायचे असतात. 24 पैकी बेरीज 10 च्या वर गेली, तर तपासणी करून घ्यावी.

आपल्या पत्रातला खरा धागा मला घोरण्यात दिसतो. घोरणे मध्येच थांबते का, काही क्षण सारे शांत होऊन मग घुसमटल्यासारखा मोठा श्वास येतो का, हे पत्नीला विचारा. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो; सकाळी यातले काहीही आठवत नाही. किमान 10 सेकंदांचे असे अडथळे तासाला 30 हून अधिक झाले, तर हा विकार तीव्र मानतात. म्हणजे आपले साडेसात तास हे अंथरुणातले तास असू शकतात, झोपेचे नव्हेत. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. एका रात्रीच्या स्लीप स्टडीत निदान होते, आणि पुष्कळदा ती घरीही करता येते.

वजन जास्त असल्यास उतरवणे, कुशीवर झोपणे आणि मद्य टाळणे यांचा उपयोग होतो. आजार मध्यम किंवा तीव्र असेल, तर मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र सहसा सुचवले जाते. पहिल्या आठवड्यात कंटाळून ते कपाटात ठेवणारे बरेच असतात; बहुधा मास्कचे माप चुकलेले असते आणि ते बदलून मिळते.

कॉफीवर भिस्त ठेवू नका. दुपारी चारला घेतलेल्या कॉफीतले सुमारे निम्मे कॅफिन रात्री नऊलाही शरीरात असते. दुपारची वीस मिनिटांची झोप त्याहून बरी. ती लांबली तर उठल्यावर डोके जड होते. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

आणि तपासणीला पत्नीला सोबत न्या. त्याआधी एका रात्री त्यांनी आपले घोरणे मोबाइलवर टिपून ठेवले, तर डॉक्टरांचे निम्मे प्रश्न वाचतील.