जुनं दगडी चर्च आणि भूकंप : वाचकांचे प्रश्न

पुण्यात कुठे मोठे भूकंप होतात? कॅम्पातल्या आमच्या चर्चवर एवढा खर्च करायचाच का?

आयएस १८९३ या भूकंपाविषयीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे विभाग ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. कोयनेचा परिसर विभाग ४ मध्ये. आणि किल्लारी? १९९३ च्या सप्टेंबरपर्यंत ती सगळ्यांत कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये होती. यापुढे काय बोलायचं!

दर्शनी भिंत आणि बाजूची भिंत जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात उभी चीर आहे. वर बोट जाईल एवढी, खाली केसासारखी. गवंडी म्हणतो, भरून टाकू.

भरू नका, आधी वाचा. चीर वर रुंद असेल, तर दर्शनी भिंत बहुधा बाहेर कलते आहे. चर्च हा घरासारखा बंद डबा नसतो. आत आडव्या भिंती नाहीत, मजले नाहीत, नुसती उंच पोकळी. धक्का बसला की दर्शनी भिंत, मनोरा, वेदीमागची भिंत असे सगळे आपापल्या तालात हलतात. इटलीत नॉर्सियाला २०१६ मध्ये सेंट बेनेडिक्टच्या चर्चची दर्शनी भिंत उभी राहिली आणि मागचं जवळजवळ सगळं चर्च कोसळलं.

चिरेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली, तर हालचाल चालू आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बघा. इलाज साधा, जुनाच : बाजूच्या लांब भिंतींलगत स्टेनलेस स्टीलचे टाय रॉड (भिंती बांधून ठेवणाऱ्या सळ्या), बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले, आणि छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, भिंतीला पक्क्या जखडलेल्या. नुसत्या टेकलेल्या कैच्या भिंतीला ढुशी मारतात.

ठेकेदार सिमेंटचा गिलावा आणि वर काँक्रीटचा स्लॅब सुचवतोय. मजबुती वाढेल ना?

नाही! वजन वाढेल, आणि भूकंपाचा जोर वजनाच्या हिशोबात लागतो. १९९७ मध्ये इटलीच्या अंब्रियात जुन्या दगडी भिंतींवर चढवलेल्या काँक्रीटच्या छपरांनी त्याच भिंती फोडल्या.

हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकून बघा. कुठे ‘टण’, कुठे ‘धब’. ‘धब’ म्हणजे आत पोकळ. जाड भिंत बऱ्याचदा दोन पाखांची, म्हणजे आतल्या-बाहेरच्या दोन थरांची असते, मधे खडी-मातीचा भराव. पाखं जोडणारे आरपार दगड नसतील, तर ती फुगून सुटतात. किल्लारीत घरं अशीच पडली. तुमच्या भिंतीत अशा पोकळ जागी चुन्याचं पातळ मिश्रण हलक्या दाबाने सोडायचं आणि ठराविक अंतरावर आरपार सळ्या घालायच्या. दगडांमधल्या दरजाही चुन्यानेच भरा. सिमेंट ओल कोंडतं. चुन्याला वेळ लागतो, ठेकेदाराचा कंटाळा तिथूनच सुरू होतो.

पुण्यातल्याच पंचहौद चर्चचा घंटामनोरा चर्चपासून सुटा आहे. आमचा चिकटलेला. आमचा धोक्याचा?

चिकटलेला मनोरा चर्चला हादरे देतो, पडला तर छपरावर येतो. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरातल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याचा वरचा भाग २२ फेब्रुवारी २०११ ला शिखरासकट कोसळला. सुट्या मनोऱ्याला मात्र कुणाचाच आधार नसतो. तुमच्याकडे आधी घंटांची चौकट बघा : तिच्या तुळया भिंतीत नीट बसल्यात का, की वाळवीने पोखरल्यात? इंजिनिअरला न्याल, तेव्हा त्याला शिडीवरही चढवा. खालून टॉर्च मारून हे दिसत नाही.