सार्कोमा फुप्फुसात गेला, ऑपरेशन होईल का? (अनुभव, जरा लांबलाय)

तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या मांडीतला सार्कोमा (स्नायू, चरबी, हाड अशा भागांत होणारा कॅन्सर) काढून दोन वर्षं झाली, आणि आताच्या सीटीच्या रिपोर्टात दोन्ही फुप्फुसांत बऱ्याच गाठी असल्याचं आलंय. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशनचा विषय संपला, आता केमोच. दुसऱ्यांनी छातीच्या सर्जनकडे पाठवलं, तर त्यांनी रिपोर्ट बाजूला सारून 'मूळ स्कॅन आणा' म्हणून परत धाडलं. तुम्हाला वाटतंय की ते टाळतायत. टाळत नाहीयेत हो! माझ्या भावाच्या वेळी आम्ही याच पायरीवर अडकलो होतो, म्हणून लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही. भावाचा सिनोव्हियल सार्कोमा होता, म्हणजे सार्कोमाचाच एक प्रकार; तुमच्या बहिणीचा प्रकार वेगळा असू शकतो. इथलं काहीही तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

सार्कोमा रक्तातून पसरतो आणि पुष्कळदा फक्त फुप्फुसातच जाऊन बसतो. म्हणून इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये जी दारं बंद होतात त्यातलं एक इथे कधीकधी उघडं राहतं. सर्जन काय बघतात? मूळ जागी रोग परत आलेला नाही ना, फुप्फुसाबाहेर कुठे नाही ना, दिसतायत त्या सगळ्या गाठी निघतील का, आणि काढल्यावर श्वासापुरतं फुप्फुस उरेल का. यातल्या 'सगळ्या'वर सगळा खेळ आहे. चार काढून एक ठेवली तर फारसा उपयोग नाही. आणि गाठी किती यापेक्षा कुठे आहेत हे जास्त महत्त्वाचं. कडेला असलेली गाठ पाचरीसारखा तुकडा कापून निघते, बाकीचं फुप्फुस शाबूत. तीच मध्यभागी, मोठ्या रक्तवाहिन्या आणि श्वासनळ्यांजवळ असेल तर अख्खा लोब, म्हणजे फुप्फुसाचा एक मोठा भाग, जाऊ शकतो.

हे रिपोर्टवरून कळत नाही, स्कॅनवरून कळतं. सीटी शरीराचे आडवे काप घेतल्यासारख्या प्रतिमा काढतो; ते काप पातळ हवेत, साधारण एक मिलिमीटरचे. पाच मिलिमीटरच्या जाड कापांत बारीक गाठ पुसट होते नाहीतर दिसतच नाही.

आणि इथेच आमची वाट लागली. ज्या सेंटरमध्ये स्कॅन झाला तिथल्या खिडकीवरून आम्हाला मोठ्या फिल्म मिळाल्या आणि एक सीडी. सर्जननी सीडी लावली तर आत फक्त जाड काप, आणि तेही निवडक. परत गेलो. खिडकीवरचे म्हणाले, 'सगळ्यांना हेच देतो.' मग म्हणे डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी नेली तर त्यावर शिक्का नाही. शिक्का आणला तर ते काम बघणारा माणूस रजेवर. पहिल्या ऑपरेशनच्या वेळचा जुना स्कॅन मागितला, कारण त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कुठली गाठ नवी आणि कुठला जुन्या संसर्गाचा वण हे ठरत नाही, तर 'आमच्याकडे रेकॉर्ड नाही' एवढंच. एकानेही सांगितलं नाही की पातळ काप ठरावीक मुदतीनंतर सिस्टिममधून पुसले जातात आणि जाड तेवढे राहतात. हे शेवटी आतल्या एका टेक्निशियनने हळूच सांगितलं, तोवर आमचे पुसले गेले होते. नवीन स्कॅन करावा लागला. मधल्या काळात उजवीकडची आतल्या बाजूची गाठ वाढून रक्तवाहिनीला टेकली. सर्जन म्हणाले, आधी आला असतात तर कदाचित पाचर कापून भागलं असतं. उजवा खालचा लोब गेला. राग अजून आहे, आणि तो रोगावर नाही, त्या खिडकीवर आहे.

तर उद्याच जा. लेखी अर्ज द्या, त्यात 'डायकॉम स्वरूपात, पातळ कापांची पूर्ण मालिका, फक्त निवडक प्रतिमा नकोत' असं स्पष्ट लिहा (डायकॉम म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइली) आणि पोच घ्या. सीडी तिथेच उघडून दाखवायला सांगा. छातीच्या सीटीत प्रतिमा शेकड्यांनी असतात. वीस-तीस दिसल्या तर उठू नका. मागचे सगळे स्कॅनही मागा. मग एक प्रत घरी ठेवा, मूळ कुणालाही देऊ नका.

आता पोटतिडकीने दोन-तीन मतं, पटली तर घ्या. 'सहा-आठ आठवड्यांनी परत स्कॅन करू' असं सर्जन म्हणाले तर घाबरू नका. नव्या गाठी पटापट उगवतायत का हे त्यातून कळतं, आणि तसं असेल तर आधी केमो देणंच शहाणपणाचं. खिडकीवर वाया गेलेला वेळ आणि हा वेळ एक नाही. पेट स्कॅनवर विसंबू नका. तो शरीरात इतरत्र शोधायला चांगला, पण फुप्फुसातली अगदी लहान गाठ त्यात उजळतच नाही. आणि दुर्बिणीतून करायचं की छाती उघडून, यावर हट्ट धरू नका. उघडल्यावर सर्जन बोटांनी फुप्फुस चाचपतात आणि सीटीत न दिसलेल्या गाठी कधीकधी हाताला लागतात. पण एकदोन कडेच्याच गाठी असतील तर दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सावरणं सोपं जातं. भावाची एक बाजू उघडून झाली, दुसरी काही आठवड्यांनी दुर्बिणीतून.

आकडे विचारलेत म्हणून. १९९७ साली एक मोठी आंतरराष्ट्रीय नोंद छापून आली होती, वेगवेगळ्या कॅन्सरचे ५२०६ रुग्ण, त्यात सार्कोमाचे दोन हजारांवर. सगळ्या गाठी निघालेल्यांपैकी पाच वर्षांनी ३६ टक्के हयात होते, पूर्ण न निघालेल्यांत १३ टक्के. पण ही मुळात ऑपरेशनसाठी निवडलेली माणसं, म्हणून फरकाचं सगळं श्रेय सुरीला देता येत नाही. पहिल्या उपचारानंतर जितक्या उशिरा गाठी येतात तितकं बरं असतं, आणि दोन वर्षं हे त्या हिशेबात वाईट नाही.

किरकोळ पण कामाचं: आधी डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध घेतलं असेल तर हृदयाचा इको ताजा हवा. पॅझोपॅनिब ही सार्कोमावरची गोळी चालू असेल तर सर्जनना स्वतःहून सांगा, जखम भरायला ते आडवं येतं म्हणून आधी थांबवतात. फुंकायच्या नाही, ओढायच्या तीन बॉलच्या यंत्राचा सराव ऑपरेशनआधीच सुरू करा. पुढून बटणं असलेले सैल कपडे घ्या, हात वर होत नाही. खोकताना उशी छातीशी दाबायची. ड्रेनच्या (छातीत घातलेल्या नळीच्या) बाटलीत बुडबुडे येत राहिले तर हवा गळतेय, बहुतेकदा आपोआप थांबते, पण नर्सना दाखवा. वेदनाशामकांनी पोट साफ होत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागा. जखमेखालचा बधिरपणा महिनोन्‌महिने राहतो, दचकू नका.

परत गाठी आल्या तर काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. परत येतात, बऱ्याच जणांना येतात. फुप्फुस पुरेसं उरलं असेल तर पुन्हा ऑपरेशन होतं, म्हणूनच पहिल्या वेळी कमीत कमी कापणाऱ्या आणि हेच काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जा. भावाला पुढे उजवीकडेच एक लहान गाठ आली. लोब आधीच गेलेला असल्याने सर्जनच म्हणाले की आता सुरी नको, आणि ती सीटीखाली सुई घालून जाळली. काही ठिकाणी अशा गाठीला नेमक्या मोठ्या मात्रेचं रेडिएशनही देतात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ट्यूमर बोर्डाला (वेगवेगळे तज्ज्ञ मिळून उपचार ठरवतात त्या बैठकीला) हे दोन्ही पर्याय आत्ताच विचारून ठेवा, आणि त्या बैठकीत छातीचा सर्जन बसतो का तेही विचारा.