शस्त्रक्रियेनंतरचा धोका आधी ओळखायचा, तर शिकायचे काय?

प्रश्न : मी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी वडिलांवर स्वादुपिंडाची व्हिपल शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर जोडातून गळती झाल्याने त्यांना बरेच दिवस रुग्णालयात राहावे लागले. आता ते बरे आहेत. अशी गुंतागुंत आधीच ओळखणारी प्रणाली घडवण्याचे काम मला करायचे आहे. त्यासाठी ‘नीट’ देऊन डॉक्टर व्हावे की कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करावा?

उत्तर : वडील बरे आहेत हे वाचून फार बरे वाटले. रुग्णांवर स्वतः उपचार करण्याची ओढ असेल तरच ‘नीट’चा विचार करावा, तुम्ही लिहिलेल्या कामासाठी संख्याशास्त्र सोडण्याची गरज नाही, उलट त्यात आणखी खोल जायला हवे.

व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग काढून उरलेला भाग आतड्याला जोडतात. ग्रंथी मऊ असेल आणि तिची नलिका बारीक असेल, तर टाके नीट धरत नाहीत, आणि गळलेला पाचकरस आसपासच्या ऊती व रक्तवाहिन्यांना इजा करून जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव घडवू शकतो. या गळतीला डॉक्टर ‘फिस्टुला’ म्हणतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेला ‘फिस्टुला रिस्क स्कोअर’ हा धोका मोजण्यासाठी ग्रंथीचा मऊपणा, आजाराचे निदान, नलिकेची रुंदी आणि शस्त्रक्रियेतील रक्तस्राव या चारच गोष्टींवरून ० ते १० गुण देतो. हे गणित कागदावर करता येते. अवघड भाग वेगळाच आहे : ग्रंथी मऊ की कठीण हे सर्जन बोटांनी चाचपून ठरवतो, आणि दोन सर्जनांचे मत एकच असेल असे नाही.

गळती म्हणजे नेमके काय, हेही ठरवून घ्यावे लागले. २०१६च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधील (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतील) द्रवात अमायलेज या स्वादुपिंडातील पाचक द्रव्याचे प्रमाण रक्तातील सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून जास्त आले, पण रुग्णाच्या उपचारांत काहीच बदलावे लागले नाही, तर तिला आता फिस्टुला म्हणत नाहीत; आधीच्या व्याख्येत म्हणत. त्यामुळे जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी एकत्र करणाऱ्याला ही व्याख्या ठाऊक नसेल, तर त्याचे मॉडेल भलत्याच गोष्टीचे भाकीत करू लागते.

तुमचे खरे शिक्षण इथे आहे. समजा, एका रुग्णालयात ३०० शस्त्रक्रियांच्या नोंदी आहेत आणि त्यांपैकी ५० रुग्णांना गळती झाली. त्यावर ४० घटक लादले तर मॉडेल त्याच रुग्णांना पाठ करील आणि पुढच्या रुग्णापाशी अडखळेल. ‘प्रतिजैविक बदलले’ ही नोंद घटक म्हणून घेतली तर भाकीत अचूक दिसेल, पण प्रतिजैविक गळतीचा संशय आल्यावरच बदललेले असते. तसेच, ज्यांना २० टक्के धोका सांगितला त्या शंभरांपैकी साधारण विसांनाच गळती झाली का, हे तपासावे लागते. परदेशातील रुग्णांवर बेतलेला स्कोअर आपल्याकडे वापरण्याआधी तर हे नक्कीच तपासावे. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअर चालवता येईल, ही दृष्टी येणे मला कठीण वाटते.

भाकितापुढे कृती हवी, हे नेदरलँड्समधील ‘पॉर्श’ चाचणीने दाखवले. २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या चाचणीत १,७४८ रुग्ण होते. रोजच्या तपासणीवरून सीटी स्कॅन केव्हा करायचा, द्रव केव्हा काढायचा, प्रतिजैविक केव्हा सुरू करायचे हे एका ठरलेल्या पद्धतीने सांगितले जाई. उपचार करावा लागणारा रक्तस्राव, अवयव निकामी होणे किंवा ९० दिवसांतील मृत्यू यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. मला तुम्ही अशा कामात पडलेल्या पाहायला आवडेल.

म्हणून पदवीनंतर संख्याशास्त्रात किंवा जैवसंख्याशास्त्रात एम.एस्सी. करा; पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांचे सध्याचे अभ्यासक्रम व प्रवेशाच्या अटी त्यांच्या संकेतस्थळांवर पाहा. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा, लॉजिस्टिक रिग्रेशन (एखादी घटना घडण्याची शक्यता काढण्याची पद्धत) आणि गहाळ नोंदी हाताळण्याच्या पद्धती आताच पक्क्या करा. सुट्टीत एखाद्या कर्करोग रुग्णालयाच्या संशोधन विभागात, मानधन नसले तरी, नोंदी भरण्याचे काम मिळाले तर ते जरूर घ्या, आणि तिथल्या परिचारिकांना ड्रेनमधील द्रव कोण, किती वाजता मोजते हे आधी विचारा.